थंडीत गाडी का उचलत नाही? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

डिसेंबर लागला की या सदरात क्लच, टायर, एसी मागे पडतात आणि पत्रांत एकच गाऱ्हाणं वाढतं: सकाळी गाडी लवकर स्टार्ट होत नाही. सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेले असे काही प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. आपल्याकडे कडाक्याची थंडी म्हणजे पहाटे १०-१२ अंश. एवढ्या गारठ्यात धडधाकट गाडी पहिल्याच सेल्फला उचलायला हवी. ती अडखळत असेल तर गाडीत दोष आहे, आणि पुष्कळदा तो आपल्या उन्हाळ्याने घातलेला असतो. ‘थंडी आहे, चालायचंच’ असं कुणी सांगितलं तर ऐकून गप्प बसू नका.

प्रश्न: माझी पेट्रोल हॅचबॅक साडेचार वर्षांची आहे, बॅटरी कंपनीने दिलेलीच. शाळा सकाळची, घरापासून तीन किलोमीटरवर. साडेसहाला सेल्फ मारला की इंजिन ओढून ओढून फिरतं, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी गाडी लागते. दुपारी शाळा सुटल्यावर काही त्रास नाही. बॅटरी बदलू का हा हिवाळा निघून जाईल?
(शिक्षिका, जुळे सोलापूर)

उत्तर: इंजिन हळू फिरतंय, म्हणजे पेट्रोल आणि स्पार्कचा विचार नंतर. आधी सेल्फला करंट कमी पडतोय.

एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा ४२-४४ अंशांपर्यंत चढतो, बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. तापमान १० अंशांनी वाढलं की बॅटरीच्या आतल्या शिशाच्या जाळीचं गंजणं ढोबळ मानाने दुप्पट वेगाने होतं, पाणीही उडत जातं. तेव्हा हे कळत नाही, कारण गरम बॅटरी असेल तेवढी ताकद सहज देते आणि ऑइल पातळ असल्यामुळे सेल्फला जोर कमी लागतो. हिवाळ्यात दोन्ही बाजू उलटतात. तरीही शून्य अंशाला चांगल्या बॅटरीची ताकद साधारण पाचव्या हिश्शानेच घटते. आपल्या १२-१४ अंशांना तर त्याहून कमी. म्हणजे चोरी मे महिन्यात झालेली असते, उघडकीला डिसेंबरात येते.

अंदाजावर बॅटरी बदलू नका, मोजा. साधा डिजिटल मल्टिमीटर पाचशे रुपयांच्या आत मिळतो. तो २० व्होल्ट डीसीवर ठेवा. रात्रभर उभ्या गाडीचं बॉनेट सकाळी उघडा, दारं लावून घ्या आणि पाच-दहा मिनिटं थांबा, म्हणजे आतले दिवे आणि कॉम्प्युटर शांत होतात. मीटरची लाल पिन प्लसवर, काळी मायनसवर. पिन क्लॅम्पवर टेकवू नका, मधल्या शिशाच्या खुंटीवर टेकवा. १२.६ किंवा जास्त आलं तर बॅटरी पूर्ण भरलेली आहे, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे जवळजवळ रिकामी. आता घरातल्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि आकड्यावर नजर ठेवा. सेल्फ फिरत असताना आकडा ९.६ च्या खाली गेला, आणि आधी तो १२.४ च्या वर होता, तर बॅटरी थकली आहे. आधीच १२.१-१२.२ असेल तर निकाल देऊ नका, ती उपाशी असू शकते.

तुमच्या बाबतीत ही शक्यता मोठी आहे. तीन किलोमीटरच्या फेरीत सेल्फने घेतलेला करंट अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी भरणारं जनित्र) भरून देतो न देतो तोच गाडी पुन्हा बंद होते. रोज असंच चाललं की बॅटरी कायम अर्धवट भरलेली राहते आणि पट्ट्यांवर सल्फेटचा कडक थर बसतो. म्हणून आधी चार्जिंग तपासा. इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्लोअर चालू, अशा अवस्थेत खुंट्यांवर १३.५ ते १४.५ दिसायला हवं. काही नव्या गाड्यांत अल्टरनेटर कॉम्प्युटरच्या ताब्यात असतो, त्यामुळे आकडा मध्येच खाली येतो. दोन-तीन मिनिटं पाहा. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) बिघडला आहे आणि नवी बॅटरीसुद्धा तो उकळून टाकेल.

चार्जिंग ठीक असेल तर बॅटरी बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरून घ्या. ४५ अॅम्पिअर-अवरच्या बॅटरीला ४ ते ५ अॅम्पिअरने दहा-बारा तास लागतात. दुकानदाराला ‘क्विक चार्ज’ नको म्हणून सांगा, घाईच्या चार्जिंगने जुन्या पट्ट्या गळतात. बूच असलेली बॅटरी असेल तर सहाही खणांची ग्रॅव्हिटी (आतल्या अॅसिडची घनता) बघायला लावा. भरल्यानंतर प्रत्येक खण १२४० च्या पुढे हवा. एखादा खण बाकीच्यांपेक्षा ५० ने मागे असेल तर तो खण गेला, बॅटरी गेली. पातळी कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घाला, पट्ट्या बुडून वर साधारण एक सेंटीमीटर. अॅसिड घालून ग्रॅव्हिटी वाढवून देणारे असतात, त्याने बॅटरी आठवडाभर ताजी वाटते आणि मग कायमची बसते.

भरलेली बॅटरी रात्रभर ठेवून सकाळी पुन्हा तीच चाचणी घ्या. पुन्हा ९.६ च्या खाली गेली तर बदला. आपल्या हवेत साडेचार वर्षं म्हणजे तिने आपलं काम चोख केलं आहे. नवी घेताना अॅम्पिअर-अवर तेवढेच, प्लस-मायनसच्या बाजू त्याच, आणि उत्पादनाची तारीख गेल्या दोन-तीन महिन्यांतली पाहून घ्या. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणारी गाडी असेल तर तिला ईएफबी किंवा एजीएम प्रकारचीच (पुन्हा पुन्हा सेल्फ झेलणारी) बॅटरी लागते. साधी बसवली तर ती लवकर संपते.

बदलण्याआधी खुंट्यांचीही झडती घ्या. पांढरी-हिरवी बुरशी असेल तर आधी मायनस, मग प्लस सुटा करा (बहुतेक गाड्यांना १० चा पाना लागतो). पेलाभर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं करा, आधी प्लस आणि मग मायनस आवळा, वरून पेट्रोलियम जेली लावा. सोड्याचं पाणी खणात जाऊ देऊ नका. मग मीटरची एक पिन मायनस खुंटीवर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरून सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.२ व्होल्टच्या वर गेला तर इंजिनाची अर्थ पट्टी (बॅटरीचा मायनस इंजिनाला जोडणारी) गंजलेली किंवा ढिली आहे. ही पट्टी स्वस्तात बदलून होते, पण ती कुणी तपासत नाही आणि चांगल्या बॅटऱ्या उगीच बदलल्या जातात.

प्रश्न: नोकरी पुण्यात, गाडी होटगी रोडवरच्या घरी. पंधरा दिवसांनी आलो की सेल्फ अजिबात मारत नाही, नुसता टिक-टिक आवाज. बॅटरी गेल्या वर्षीच बदलली. डॅशकॅम आणि जीपीएस ट्रॅकर बाहेरून बसवले आहेत.
(आयटी कर्मचारी)

उत्तर: भराभर टिक-टिक म्हणजे सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा स्विच) ओढतोय आणि व्होल्टेज कोसळल्यामुळे सुटतोय. बॅटरी उतरलेली आहे. एकच ठोक्यासारखा ‘टक’ आवाज आला असता आणि दिवे मंद झाले नसते, तर संशय सेल्फच्या कार्बन ब्रशवर किंवा सोलेनॉइडच्या कॉन्टॅक्टवर गेला असता.

बंद गाडीही थोडा करंट खाते: इममोबिलायझर (चोरीविरोधी यंत्रणा), सेंट्रल लॉक, घड्याळ. ५० मिलीअॅम्पिअरपर्यंत चालतं. तेवढ्यानेसुद्धा दिवसाला १.२ आणि पंधरा दिवसांत १८ अॅम्पिअर-अवर जातात, म्हणजे ४५ च्या बॅटरीतला चाळीस टक्के माल. त्यात पार्किंग मोडवरचा डॅशकॅम २५० मिलीअॅम्पिअर खात असेल तर बॅटरी आठवड्यात रिकामी. थंडीचा इथे संबंध कमी, गाडी उभी राहण्याचा जास्त.

मोजायचं असं: मीटर १० अॅम्पिअरच्या खाचेत लावून मायनस खुंटी आणि सुट्या केलेल्या मायनस वायरीच्या मध्ये जोडा. बॉनेट उघडं, पण दारं लॉक. कॉम्प्युटर झोपायला अर्धा तास द्या, मग आकडा वाचा. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही आणि हेडलाइटही लावायचे नाहीत, फ्यूज उडतो. आकडा ०.०५ च्या वर असेल तर डॅशकॅम, ट्रॅकर, बाहेरची म्युझिक सिस्टीम एकेक करून काढा. ज्याच्या काढण्याने आकडा पडेल तो चोर. तरीही सापडलं नाही तर फ्यूज एकेक काढत जा.

डॅशकॅमची वायर इग्निशनवर चालणाऱ्या फ्यूजवर घ्या. पुण्याला निघताना मायनस वायर सोडून ठेवणं हा सगळ्यात भरवशाचा इलाज. म्युझिक सिस्टीमला कोड लागत असेल तर तो आधी लिहून ठेवा आणि बॉनेट लावण्याआधी गाडी किल्लीनेही उघडते ना, तेही पाहा. एक लक्षात असू द्या: पूर्ण उतरून आठ-दहा दिवस तशीच पडलेली बॅटरी पुन्हा भरली तरी पहिल्यासारखी होत नाही. एका वर्षाची बॅटरी असली तरी चाचणी घ्याच.

प्रश्न: कारखान्याच्या पार्किंगमध्ये बॅटरी बसली तर जंप स्टार्ट कसं करायचं? ट्रकवरून केलं तर चालतं का?
(कामगार, चिंचोळी एमआयडीसी)

उत्तर: ट्रक, बस, टिपरवरून नको. त्यांची यंत्रणा बहुधा २४ व्होल्टची असते आणि तुमच्या गाडीचा कॉम्प्युटर एका क्षणात जळू शकतो. दुसरी कार, जीप किंवा १२ व्होल्टचा ट्रॅक्टर चालेल. दोन्ही गाड्या एकमेकींना टेकू देऊ नका, दोन्हींचं इग्निशन बंद.

लाल वायर आधी बसलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी वायर चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि तिचं शेवटचं टोक बसलेल्या गाडीच्या इंजिनावरच्या रंग नसलेल्या बोल्टला किंवा लोखंडी ब्रॅकेटला. बॅटरीवर नाही, कारण शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. मदतीची गाडी चालू करून पाचेक मिनिटं थांबा, मग सेल्फ मारा, एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, मध्ये अर्धा मिनिट विश्रांती. लागली की उलट्या क्रमाने वायरी काढा. वायरी जाड तांब्याच्याच घ्या. बारीक वायर गरम होते आणि गाडी काही उचलत नाही. त्यानंतर निदान अर्धा-पाऊण तास गाडी रस्त्यावर चालवा.

धक्का स्टार्ट ऑटोमॅटिक गाडीला होत नाही. मॅन्युअल पेट्रोल गाडीला एखाद्या वेळी दुसऱ्या गिअरमध्ये चालेल, पण पुन्हा पुन्हा धक्का मारत राहिलात तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जळतो.

प्रश्न: डाळिंबं घेऊन पहाटे चारला मार्केटला निघावं लागतं. पिकअप डिझेल आहे, नऊ वर्षं झाली. थंडीत पाच-सहा वेळा सेल्फ मारल्यावर उचलते आणि पांढऱ्या धुराचा लोट सोडते. मेकॅनिक एअर क्लीनर काढून पेटता बोळा धरतो, तेव्हा लगेच लागते. याने इंजिनाला काही होतं का?
(डाळिंब बागायतदार, सांगोला)

उत्तर: होतं, आणि इंजिनाच्या आधी माणसाला होऊ शकतं. बाजूला डिझेलचे पाइप, ऑइलचा ओलावा, रबर असताना पेटता बोळा धरणं म्हणजे गाडी पेटवायची तयारी. त्यात एअर फिल्टर काढला की धूळ सरळ सिलेंडरमध्ये. स्टार्टिंग स्प्रे त्याहून वाईट: त्यातला इथर १६०-१८० अंशांना आपोआप पेटतो आणि हीटर प्लगचं (थंड सिलेंडर तापवणाऱ्या प्लगचं) टोक ८०० अंशांच्या वर तापलेलं असतं. स्फोट नको तिथे, नको त्या वेळी होतो, रिंगा आणि पिस्टन फुटतात. हीटर प्लग असलेल्या इंजिनाला स्प्रे मारायचाच नाही.

बोळ्याने लगेच लागते यातून एक माहिती मात्र मिळाली: डिझेल सिलेंडरपर्यंत पोचतंय, उष्णता कमी पडतेय. पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. डोळे चुरचुरतात, उग्र वास येतो. धूर गोडसर वासाचा असेल आणि कूलंट कमी होत असेल तर प्रकरण हेड गॅस्केटचं आहे, ते वेगळं.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून जी उष्णता होते तिच्यावर डिझेल पेटतं. सेल्फ हळू फिरला तर दाबलेली हवा रिंगांमधून निसटते आणि उष्णता तयारच होत नाही. म्हणून वर पहिल्या उत्तरात दिलेली बॅटरी आणि अर्थची चाचणी तुम्हालाही लागू आहे. डिझेलमध्ये तिचं महत्त्व उलट जास्त.

मग हीटर प्लग. किल्ली फिरवल्यावर डॅशबोर्डवर कॉइलचा पिवळा दिवा लागतो, तो विझेपर्यंत थांबता ना? पुष्कळ जण थांबत नाहीत. थांबूनही त्रास असेल तर प्लगवरची पट्टी सोडवा. टेस्ट लॅम्पची एक वायर बॅटरीच्या प्लसला लावून दुसरी पिन प्रत्येक प्लगच्या टोकाला टेकवा. दिवा लागला नाही तो प्लग तुटलेला. मीटर असेल तर चांगल्या प्लगचा रेझिस्टन्स एक ओहमच्या आसपास, तुटलेल्याचा अनंत. चारही चांगले असतील तर पट्टीवर करंट येतोय का बघा: डॅशबोर्डवरचा कॉइलचा दिवा चालू असताना ११ च्या आसपास व्होल्ट हवेत. नसतील तर रिले किंवा मोठा फ्यूज गेलाय. काही नव्या इंजिनांत कमी व्होल्टेजचे प्लग असतात, त्यांना बाहेरून थेट १२ व्होल्ट देऊन ‘लाल होतो का’ बघायला गेलात तर तिथेच जळतात.

प्लग काढताना घाई नको. नऊ वर्षांचा प्लग कार्बनने हेडमध्ये धरलेला असतो आणि जोर लावला की मोडतो. मग हेड उतरवावं लागतं. आदल्या रात्री गंज सोडवणारं ऑइल सोडा, सकाळी इंजिन गरम करून लांब पान्याऐवजी लहान पान्याने थोडा पुढे, थोडा मागे असा सोडवा. बदलताना चारही एकदम बदला.

जुन्या इंडिकासारख्या इनडायरेक्ट इंजेक्शनच्या (डिझेल आधी छोट्या कप्प्यात फवारणाऱ्या) इंजिनात प्लगशिवाय थंड सकाळ निघतच नाही. कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरांना एकाच उच्च दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल देणारं) इंजिन मात्र आपल्या १०-१२ अंशांना बहुधा प्लगविनाही उचलतं. तुमची गाडी कॉमन रेल असेल आणि प्लग ठीक असतील तर कॉम्प्रेशन आणि इंजेक्टरची रिटर्न चाचणी करून घ्या. इंजेक्टर डिझेल परत सोडत असेल तर सेल्फवर रेलचा दाब सुरू व्हायला लागतो तेवढा, म्हणजे साधारण २०० ते ३०० बार, चढायलाच वेळ लागतो.

दोन सोप्या गोष्टी शेवटी. सेल्फ मारण्याआधी फिल्टरवरचा हातपंप दाबून पाहा. तो मऊ लागला आणि आठ-दहा वेळा दाबल्यावर कडक होऊन गाडी लगेच उचलली, तर रात्री डिझेल टाकीकडे परत जातंय: कुठेतरी हवा शिरतेय. फिल्टर आणि पंपाच्या मध्ये वीतभर पारदर्शक पाइप तात्पुरता जोडा, बुडबुडे स्वतःच सांगतील. बहुतेक वेळा फिल्टरचं ओरिंग किंवा क्लिप निघते. आणि फिल्टरच्या तळचा स्क्रू सैल करून महिन्यातून एकदा पाणी काढा; काचेच्या ग्लासात धरलं की पाणी खाली, डिझेल वर असं स्वच्छ दिसतं.

प्रश्न: आपल्याकडे थंडीत डिझेल गोठतं का?
(पिकअप चालक, बार्शी)

उत्तर: नाही. भारतीय मानकानुसार हिवाळी डिझेलचा वाहता राहण्याचा बिंदू जास्तीत जास्त ३ अंश आणि फिल्टर तुंबण्याचा बिंदू ६ अंश असावा लागतो. आपला पारा तिथवर उतरत नाही. लडाखची गोष्ट निराळी. तिथे उणे ३३ अंशांपर्यंत चालणारं खास हिवाळी डिझेल २०१९ मध्ये आणावं लागलं. इथून टाकी भरून हिमाचल-काश्मीरला जाणार असाल तर वर चढण्याआधी तिथल्याच पंपावर टाकी भरा.

प्रश्न: बॅटरी नवी, सेल्फ जोरात फिरतो, पण सकाळी पेट्रोल गाडी पकडत नाही. चार-पाच सेल्फनंतर थरथरत लागते. गरम झाली की किल्ली लावायचा अवकाश, चालू! प्लग बदलले, फरक नाही.
(कापड दुकानदार, नवी पेठ)

उत्तर: तुमच्या वर्णनात दोनच मोठे संशयित आहेत आणि दोघांची परीक्षा फुकटात होते.

पहिला: पेट्रोलचा दाब. उद्या सकाळी सेल्फ मारू नका. किल्ली फक्त ऑनवर न्या, मागच्या सीटखालून पंपाचा दोन-तीन सेकंद घुंग्ग आवाज येईल. बंद करा, पुन्हा ऑन. असं तीन वेळा करून मग सेल्फ मारा. बटणाची गाडी असेल तर क्लच-ब्रेक न दाबता बटण दोनदा दाबलं की ऑन होते. या युक्तीने गाडी पटकन लागली, तर रात्री लाइनमधला दाब उतरतोय: पंपातला चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे जाऊ न देणारी झडप) गळतोय किंवा एखादा इंजेक्टर. गळका इंजेक्टर असेल तर सकाळी सायलेन्सरला कच्च्या पेट्रोलचा वास येतो. बहुतेक गाड्यांत लाइनमध्ये ३ ते ४ बार दाब हवा आणि इंजिन बंद केल्यावर तो हळूहळूच उतरायला हवा.

दुसरा: कूलंट टेंपरेचर सेन्सर. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं आणि किती जास्त, ते कॉम्प्युटर याच सेन्सरला विचारून ठरवतो. सेन्सरने थंड इंजिनाला ‘८० अंश’ सांगितलं तर कॉम्प्युटर गरम इंजिनाएवढंच पेट्रोल देतो, गाडी पकडत नाही. गरम झाल्यावर तोच आकडा खरा ठरतो, म्हणून दिवसभर त्रास नाही. ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे मोबाइलवर दाखवणारा) स्टीअरिंगखालच्या सॉकेटला लावा आणि पहाटे, सेल्फ मारण्याआधी, दोन आकडे बघा: कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही जवळजवळ सारखे आणि बाहेरच्या हवेएवढे असायला हवेत. बाहेर १४ आणि कूलंट ४५ दाखवत असेल तर सेन्सर खोटं बोलतोय. मीटरने तपासायचं तर २० अंशांना सर्वसाधारण सेन्सर दोन ते तीन हजार ओहम दाखवतो, ८० अंशांना तीनशेच्या आसपास. दर वेळी चेक इंजिनचा दिवा लागेलच असं नाही, कारण ४५ हा आकडा कॉम्प्युटरला अशक्य वाटत नाही.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालत असाल तर सेन्सरच्या टोकावर क्षाराचा थर बसतो आणि तो बदललेल्या सेन्सरलाही बाधतो. कूलंट बदलून डिस्टिल्ड पाण्यातलंच घाला. बॉनेटखाली उंदरांच्या लेंड्या दिसल्या तर वायरीही बघा. थंडीत ऊब शोधत ते इंजिनावर येतात आणि नेमक्या सेन्सरच्या बारीक वायरी कुरतडतात.

दोन्ही निर्दोष सुटले तर थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) साफ करा. सुटी करून, क्लीनर कापडावर मारून पुसा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची पाकळी बोटाने ढकलायची नाही, गिअर मोडतात.

प्रश्न: सीएनजी किट आहे. पेट्रोल अगदी काट्याखाली ठेवतो कारण चालतो गॅसवरच. सकाळी मात्र सुरू व्हायला रडते.
(रिक्षा सोडून टॅक्सी घेतलेला चालक, सात रस्ता)

उत्तर: सिलेंडरमधला गॅस दाब सोडून फैलावताना प्रचंड थंड होतो. त्याच्या रेड्यूसरला (दाब कमी करणाऱ्या भागाला) इंजिनाच्या गरम कूलंटची ऊब लागते, म्हणून बहुतेक गाड्या पेट्रोलवर सुरू होऊन कूलंट गरम झाल्यावर गॅसवर जातात. थेट गॅसवर सुरू होणारी मॉडेल्स आहेत, पण तुमच्या वर्णनावरून तुमची तशी नाही. म्हणजे रोज सकाळी तुमची गाडी पेट्रोल गाडीच आहे, आणि तिला महिनोन्महिने जुनं, तळाचं, कचऱ्याचं पेट्रोल मिळतंय. टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडून थंड राहतो. काट्याखाली ठेवल्याने तो तापून मरतो. निदान पाव टाकी ठेवा, आठवड्यातून एकदा दहा-पंधरा किलोमीटर पेट्रोलवर चालवा म्हणजे इंजेक्टर चिकटणार नाहीत. गॅसला ठिणगी पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं, तेव्हा प्लगचा गॅप ०.७ ते ०.८ मिलिमीटर आणि प्लग पेट्रोल गाडीच्या निम्म्या किलोमीटरवर बदला.

प्रश्न: उसाचं इथेनॉल पेट्रोलमध्ये २० टक्के आल्यापासून थंडीत त्रास वाढला, असं ऐकतो. खरं का?
(ऊस उत्पादक, माळशिरस)

उत्तर: इथेनॉलला वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते, त्यामुळे बर्फाळ प्रदेशात फरक पडतो. आपल्या १२ अंशांना २० टक्क्यांच्या मिश्रणात बाकी सगळं ठीक असलेली गाडी अडत नाही. अडते ती उभी राहिलेली गाडी: इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं आणि पाणी वाढलं की तळाशी वेगळं बसतं, पंप आधी तेच उचलतो. दोन-तीन महिने गाडी काढायची नसेल तर टाकी भरून ठेवा.

प्रश्न: वडिलांची जुनी मारुती ८०० आहे, कार्ब्युरेटरची. चोक ओढूनही भरकटते.
(विद्यार्थी, पंढरपूर)

उत्तर: चोक (हवा अडवून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी पाकळी) पूर्ण ओढा, अॅक्सिलरेटरला पाय लावू नका, पाच सेकंद सेल्फ. लागली की चोक अर्ध्यावर, मिनिट-दोन मिनिटांत पूर्ण आत. पेट्रोलचा वास आला तर ओव्हरफ्लो झालंय: चोक आत ढकला, अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा आणि सेल्फ मारा, पंपिंग नको. तरीही नाही तर एअर क्लीनरचं झाकण काढून चोकची पाकळी खरंच पूर्ण बंद होते का ते बघा. केबल ताणून ढिली झालेली असते.

प्रश्न: सकाळी दहा मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवावी असं मेकॅनिक सांगतो. ऑइलही जाड, २० डब्ल्यू ५० घालू म्हणतो. गेल्या उन्हाळ्यात गाडी तापत होती म्हणून त्याने थर्मोस्टॅट काढून टाकला होता.
(निवृत्त बँक कर्मचारी, अक्कलकोट)

उत्तर: तिन्ही सल्ले चुकीचे आहेत, आणि तिसरा सगळ्यात जास्त. थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो; तोवर कूलंट इंजिनातच फिरवून लवकर गरम करतो. तो नसेल तर हिवाळ्यात इंजिन नीट तापतच नाही, कॉम्प्युटर ‘अजून थंड आहे’ समजून पेट्रोल जास्त देत राहतो, प्लग काळे पडतात आणि दुसऱ्या दिवशीचा सेल्फ आणखी जड जातो. मायलेज पडतं ते वेगळंच. उन्हाळ्यात गाडी तापण्याचं कारण तुंबलेला रेडिएटर, बंद फॅन किंवा पंप यांत शोधायला हवं होतं. व्हॉल्व्ह मॅन्युअलमधल्या तापमानाचा, नव्या गॅस्केटसह परत बसवून घ्या.

ऑइल मॅन्युअलमध्ये दिलंय तेच. डब्ल्यूच्या आधीचा आकडा जेवढा लहान, तेवढं ते थंडीत लवकर पातळ वाहतं. ५ डब्ल्यू ३० साठी बनलेल्या इंजिनात २० डब्ल्यू ५० घातलं तर सेल्फ जड फिरतो आणि वरच्या कॅमपर्यंत ऑइल उशिरा पोचतं. झीज नेमकी त्याच काही सेकंदांत होते. गाडी ऑइल पीत असेल तर जाड ऑइलने ते झाकू नका, व्हॉल्व्ह सील तपासा.

आणि जागेवर दहा मिनिटं नको. ऑइलचा दिवा विझून अर्धा-एक मिनिट झालं की निघा, पहिले दोन-तीन किलोमीटर आरपीएम अडीच हजारांच्या आत ठेवा. उभं इंजिन फार हळू तापतं, त्या वेळात न जळलेलं पेट्रोल सिलेंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास येत असेल किंवा पातळी वरच्या खुणेच्या वर गेली असेल, तर व्हॉल्व्ह बसवण्याच्या दिवशीच ऑइल आणि फिल्टरही बदलून घ्या.